अठ्ठ्याण्णव रुपयांचा हिशेब

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलताना जे सुटले ते लिहिताना भरून घेतले आहे.)



समितीने आम्हाला जो विषय दिला आहे तो मोठा भारदस्त आहे : मोठ्या कंपन्यांची नीतिमत्ता आणि त्यांची सामाजिक जबाबदारी. विषयाचा कागद खिशात घालून आम्ही पाळीवर गेलो. आमच्या जोडीदाराने तो वाचला आणि म्हणाला, “तुम्ही साच्यावर तुटलेला दोरा सांधणारे. कंपनीच्या वरच्या मजल्यावर काय चालतं ते तुम्हाला काय ठाऊक?” बरोबर आहे त्याचं. वरच्या मजल्यावर आम्ही एकदाच गेलो, तेही मेमो घ्यायला. शाळा आमची नववीत सुटली. पुढचं जे काही शिक्षण झालं ते वाचनालयात, युनियनच्या ऑफिसातल्या जुन्या फायलींवर आणि बाबासाहेबांच्या ग्रंथांवर. तेव्हा आम्ही विद्वानासारखं बोलणार नाही. पण वरच्या मजल्यावर जे ठरतं ते शेवटी खालीच उतरतं, आणि खाली आम्ही तीसहून अधिक वर्षं उभे आहोत. एवढ्या अधिकारावर बोलतो.

गेल्या वर्षीची हकीकत आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. तरी ती स्मरणिकेत नोंदली जावी म्हणून पुन्हा सांगतो. शेजारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मोठ्या कंपनीकडून समितीला पत्र आले. कंपनी आपल्या विहाराशेजारच्या खोलीत मुलांसाठी अभ्यासिका करून देणार होती. रंगकाम, चाळीस खुर्च्या, पुस्तकांची दोन कपाटे, पाण्याचा कूलर आणि दोन कॉम्प्युटर. अट एवढीच की दारावर कंपनीच्या नावाची पाटी लागेल आणि उद्घाटनाला साहेबांबरोबर सगळ्यांचा फोटो होईल. वाचून सगळ्यांना आनंद झाला. का होणार नाही? आपली मुलं एका ट्यूबलाइटखाली आळीपाळीने अभ्यास करतात हे आपण रोज बघतो.

ठराव मंजूर होणार, एवढ्यात मागच्या रांगेतली आपली एक ताई उभी राहिली. ती त्याच कंपनीत कंत्राटदाराकडून झाडलोट करते. ती बोलत नाही फारशी. तिने एवढंच विचारलं, “दादा, ह्या पैशात माझा फंड आहे का?”

कोणाला पटकन कळलंच नाही. मग तिने सांगितलं. चार वर्षं झाली तिथं कामाला लागून. पगारातून फंडाचे पैसे कापतात, पण फंडाचा नंबर आजतागायत मिळाला नाही. पगारपत्रक मागितलं तर मुकादम म्हणतो, काम पाहिजे ना? हातमोजे मागितले तर तेच उत्तर. आपल्या वस्तीतली अशी एकवीस माणसं त्या कंपनीच्या गेटातून रोज आत जातात. हे सांगून ती खाली बसली. सभा थंड झाली. ठराव पुढच्या रविवारवर ढकलला.

मित्रहो, त्या आठवड्यात आम्ही झोपलो नाही म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, झोपलो. पण रात्रपाळीत साच्यापुढं फिरताना तो प्रश्न डोक्यात फिरत राहिला. म्हणून कायदा काढून वाचला. तो आधी थोडक्यात सांगतो, कारण आपल्या लोकांना वाटतं की कंपनी देते ती मनाच्या मोठेपणाने देते.

तसं नाही. २०१३ सालचा कंपनी कायदा आहे, त्याचं कलम १३५. ते १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी, किंवा वर्षाची उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यापैकी एक जरी बसलं तरी त्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजाच्या कामावर खर्च करायचे. कामांची यादी कायद्याला जोडलेल्या सातव्या परिशिष्टात आहे. भूक, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, खेळ, झोपडपट्टी विकास, असं बरंच काही. राजकीय पक्षाला दिलेला पैसा यात धरत नाहीत. २०२१ साली नियम कडक झाले. पैसा खर्च झाला नाही तर तो ठराविक मुदतीत वेगळ्या खात्यात किंवा सरकारी निधीत टाकावा लागतो, नाहीतर दंड. हा आकडा लहान नाही. २०२२-२३ या एका वर्षात देशभरातल्या कंपन्यांनी यावर सुमारे ३० हजार कोटी रुपये खर्च केले, आणि राज्यांमध्ये सगळ्यात मोठा वाटा आपल्या महाराष्ट्राच्या पदरात पडला.

त्याच नियमांत आणखी एक ओळ आहे, ती आम्ही दोनदा वाचली. कंपनीच्या स्वतःच्या कामगारांच्या फायद्यासाठी केलेला खर्च यात धरायचा नाही. आम्हाला आधी हे विचित्र वाटलं. नंतर उमगलं की ते योग्य आहे. कामगाराचा हातमोजा, कामगाराचा फंड, कामगाराची सुट्टी ही समाजसेवा नव्हे, ते देणं आहे. देणं फेडून कोणी दानशूर होत नाही. म्हणजे कायद्यानेच दोन वह्या वेगळ्या केल्या आहेत, एक दानाची आणि एक देण्याची.

आता ताईच्या प्रश्नाकडे येऊ. समजा कंपनीला शंभर रुपये नफा झाला. त्यातले दोन रुपये समाजाला. त्या दोन रुपयांचा अहवाल निघतो, फोटो निघतो, त्याची समिती असते. उरलेल्या अठ्ठ्याण्णव रुपयांचं काय? ते कसे आले हे कोण विचारतं? नफा म्हणजे तरी काय, सगळ्यांची देणी भागवून जे उरतं ते. कोणाचं देणं कमी दिलं की उरतं जास्त. ताईचे शंभर रुपये बुडाले तर नफा शंभराने वाढला, आणि नफा शंभराने वाढला म्हणून आपल्या अभ्यासिकेच्या खुर्चीत दोन रुपये जास्तीचे आले. तेव्हा ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे की होय, ह्या पैशात तुमचा फंड आहे. शंभरातले दोन रुपये आहेत.

कोणी म्हणेल, फंड कंत्राटदाराने खाल्ला, कंपनीने कुठं खाल्ला? पण टेंडरच असल्या पडेल भावात देतात की त्यात किमान वेतन आणि फंड धरला तर कंत्राटदाराला चहासुद्धा परवडणार नाही. हे भाव ठरवणाऱ्याला कळत नाही असं आम्ही मानत नाही.

आता दोन रुपयांचं काम खोटं असतं असं मात्र समजू नका. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्स या कंपनीचं उदाहरण घ्या. तिचे अध्यक्ष रामलिंग राजू. त्यांच्या घराण्याची संस्था खेड्यापाड्यांत काम करत होती. आंध्र प्रदेशात २००५ साली १०८ नंबरची रुग्णवाहिका सुरू झाली ती त्यांच्याच पुढाकाराने. फोन लावला की गाडी दारात. किती बाळंतिणी, किती अपघातातली माणसं त्या गाडीने वाचली असतील. सप्टेंबर २००८ मध्ये सत्यमला चांगल्या कारभाराबद्दल गोल्डन पीकॉक नावाचा पुरस्कार मिळाला. आणि ७ जानेवारी २००९ ला त्याच राजूंनी पत्र लिहून कबूल केलं की कंपनीच्या हिशेबात हजारो कोटी रुपये खोटे दाखवले आहेत. बँकेत नसलेली रोकड कागदावर होती. २०१५ साली न्यायालयाने त्यांना सात वर्षांची शिक्षा सुनावली. पुरस्कार काढून घेतला तो नंतर. आम्हाला यातलं काय टोचतं सांगू? रुग्णवाहिका खरी होती. ती खोटी असती तर सगळं सोपं झालं असतं. खरी रुग्णवाहिका आणि खोटी वही एकाच माणसाच्या घरात होत्या, आणि रुग्णवाहिका बघून वही तपासायचं कोणाच्या मनात आलं नाही.

आमच्या धंद्यातलं सांगतो. आम्ही सूत काढतो, सुताचं कापड होतं, कापडाचे कपडे होतात आणि कपडे समुद्रापार जातात. पाकिस्तानात कराचीला अली एंटरप्रायझेस नावाचा कपडे शिवण्याचा कारखाना होता. एका जर्मन दुकानदार कंपनीचा माल तिथं शिवला जायचा. ऑगस्ट २०१२ मध्ये त्या कारखान्याला एक आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, की इथं कामगारांची सुरक्षितता, तास, वेतन सगळं व्यवस्थित आहे. ११ सप्टेंबर २०१२ ला तिथं आग लागली. खिडक्यांना लोखंडी गज, दारं बंद. अडीचशेहून जास्त कामगार आत मेले. पुढं न्यायालयाने आग खंडणीसाठी लावली होती असा निकाल दिला. असेल. आग कोणीही लावो, दाराला कुलूप कशाला होतं? आणि प्रमाणपत्र देणाऱ्याला ते कुलूप का दिसलं नाही?

आम्हाला विचाराल तर आम्ही सांगू शकतो का दिसलं नाही. तपासणीचा दिवस आम्ही पुष्कळ वेळा पाहिला आहे. एका गिरणीत होतो तेव्हाची गोष्ट. तपासणीच्या आदल्या रात्री संकटकाळच्या दारापुढचे बॉबिनचे क्रेट हलवायचे, दाराला तेल घालायचं, भिंतीवरच्या लाल बाटल्या पुसायच्या. सकाळी प्रत्येकाला नाकावर बांधायला नवी पट्टी. एरवी कापसाचा तूस नाकातोंडात जातो, छातीत घर करतो, जुने कामगार रविवारची सुट्टी घेऊन सोमवारी कामावर आले की दम लागतो, त्याला ‘सोमवारचा ताप’ म्हणतात. त्या दिवशी मात्र खातं असं स्वच्छ की आम्हीच ओळखायचो नाही. साहेब येणार, वहीत खुणा करणार. कोणाला विचारायचं ते आधीच ठरलेलं. संध्याकाळी पट्ट्या परत जमा. हो, परत जमा! आणि दुसऱ्या दिवशी क्रेट पुन्हा दारापुढं. आम्हीही त्या दिवशी गप्प उभे राहिलो, हेही सांगायला पाहिजे. नोकरीची भीती होती.

दुसऱ्या वर्षी बांगलादेशात ढाक्याजवळ सावर इथं राणा प्लाझा कोसळली. २४ एप्रिल २०१३. आठ मजल्यांची इमारत, वर पाच कपड्यांचे कारखाने. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले होते. खालची बँक आणि दुकानं दुसऱ्या दिवशी बंद राहिली. शिवणकामाच्या मुलींना मात्र आत बोलावलं. आला नाहीत तर महिन्याचा पगार मिळणार नाही असं सांगितलं. ११०० हून अधिक माणसं गाडली गेली. त्यांत बाया-मुलीच जास्त. बँकेतल्या कारकुनाला घरी बसायची मुभा आणि मशीनवरच्या मुलीला नाही, हा फरक कोणत्या नीतीच्या पुस्तकात आहे? बड्या बड्या कंपन्यांच्या नीतिनियमांच्या पुस्तिका तोवर छापून झालेल्या होत्या. त्या इमारतीतल्या कारखान्यांच्याही तपासण्या झाल्या होत्या.

पण त्यानंतर एक वेगळी गोष्ट घडली, ती आपल्या उपयोगाची आहे. मे २०१३ मध्ये परदेशी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात लेखी करार झाला, आग आणि इमारत सुरक्षेचा. हा करार ऐच्छिक पुस्तिका नव्हती, कोर्टात नेता येईल असा होता. पुढं दोनशेहून अधिक कंपन्या त्यात आल्या. तपासनीस स्वतंत्र, अहवाल जाहीर, आणि धोका दिसला तर काम नाकारायचा कामगाराला हक्क. हजाराहून जास्त कारखान्यांत कुलूपबंद दारं काढली गेली, आगीपासून बचावाची दारं बसली. बघा, कंपन्या त्याच, बाया त्याच, मशीनही तीच. फरक एवढाच की कागदावर आता कामगारांच्या बाजूने सही करणारा कोणीतरी होता.

भोपाळचं सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आपल्यातल्या पन्नाशीच्या लोकांना ते फोटो आठवत असतील. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. युनियन कार्बाइडचा कीटकनाशकाचा कारखाना. अमेरिकेतल्या मूळ कंपनीचा त्यात निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा. मिथाइल आयसोसायनेट नावाच्या विषाच्या टाकीत पाणी शिरलं आणि वायू सुटला. तो वायू थंड ठेवायचं शीतयंत्र काही महिन्यांपासून बंद ठेवलं होतं. सुटलेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीला काढलेली होती. त्या विभागातली माणसं कमी केलेली होती. राजकुमार केसवानी नावाच्या भोपाळच्या पत्रकाराने १९८२ पासून लिहून ठेवलं होतं की हे शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसलं आहे. कोणी ऐकलं नाही. वायू उतरला तो भिंतीपलीकडच्या वस्तीवर, झोपलेल्या गरीब माणसांवर. हजारो मेले. जे उरले त्यांच्या फुफ्फुसांचा, डोळ्यांचा, पोटातल्या पोरांचा हिशेब अजून चालू आहे.

यात शीतयंत्र बंद ठेवून जी वीज वाचली, माणसं कमी करून जो पगार वाचला, ते कोणत्या वहीत जमा झालं? नफ्याच्या. हे आहेत अठ्ठ्याण्णव रुपये.

फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. बहुतेक जखमींच्या हातात पंचवीस हजार रुपये पडले, तेही वर्षानुवर्षं खेटे घालून. कंपनीचे अमेरिकन अध्यक्ष वॉरन अँडरसन ७ डिसेंबर १९८४ ला पकडले गेले आणि जामिनावर सुटून गेले ते गेलेच. २०१४ साली ते वारले. ७ जून २०१० ला भोपाळच्या न्यायालयाने इथल्या अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा दिली आणि त्याच दिवशी जामीनही. भरपाई वाढवून मागणारी केंद्र सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. कारखान्याच्या आवारात पडलेला ३३७ टन विषारी कचरा तिथून हलवला जानेवारी २०२५ मध्ये. चाळीस वर्षांनी! मधल्या काळात कंपनीच्या शेअरच्या पैशांतून गॅसपीडितांसाठी एक मोठं हॉस्पिटलही उभं राहिलं. हॉस्पिटल चांगलंच. पण ज्याने विष सोडलं त्याच्या पैशाचं हॉस्पिटल हे दान नव्हे, हे आपण लक्षात ठेवायचं. दिल्लीतल्या एका कारखान्यातून डिसेंबर १९८५ मध्ये वायूगळती झाली, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या डिसेंबरात सांगितलं की धोक्याचा धंदा करणाऱ्याची जबाबदारी पूर्ण आहे, काळजी घेतली होती ही सबब चालणार नाही, आणि कंपनी जेवढी मोठी तेवढी भरपाई मोठी. हे भोपाळच्या बायाबापड्यांच्या वाट्याला आलं नाही, पण कायदा म्हणून ते राहिलं.

आता जरा घराकडे वळू. आमचे आजोबा मुंबईच्या गिरणीत होते, रिंगखात्यात. साळखात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्या लोकांना मज्जाव. कारण सांगायचं तर आजच्या पोरांना हसू येईल. धोट्याच्या भोकातून दोरा तोंडाने ओढावा लागायचा, आणि अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा सवर्ण विणकराला चालायचा नाही. १९२८ चा सहा महिन्यांचा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला, की साळखात्याची दारं आपल्या लोकांना उघडा. संपाच्या पुढाऱ्यांनी तो नाइलाजाने घेतला. आणि मालकांनी काय म्हटलं? ही बंदी आम्ही घातलेली नाही, त्याला आम्ही जबाबदार कसे? गिरणी मालकाची, खातं मालकाचं, साळ मालकाची, नफा मालकाचा, आणि बंदी मात्र कोणाचीच नाही. त्याच मालकांची नावं मुंबईतल्या धर्मशाळांवर आणि दवाखान्यांवर होती.

त्याच १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल आलं. बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. त्यांचं म्हणणं असं होतं की मोठा भार सरकारने उचलावा, पण बाईच्या कामातून मालकाला फायदा होतो म्हणून मालकालाही यातून सुटता येणार नाही. पुढच्या वर्षी तो कायदा झाला. चांगला मालक नसतोच असं आम्ही म्हणत नाही. जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ साली सुरू झाला. पण बाकीच्या गिरण्यांत तो आपोआप पसरला का? आठवड्याचे ५४ तास ४८ वर यायला १९४६ साल उजाडलं, तेही बाबासाहेब मजूरमंत्री असताना आणलेल्या कायद्याच्या दुरुस्तीने. एका मालकाच्या चांगुलपणाला चौतीस वर्षांत बाकीच्यांची हवा लागली नाही. असो.

आणि भन्तेजी इथं बसले आहेत म्हणून सांगायचं धाडस करतो. दीघनिकायात सिगालोवाद सुत्त आहे. गृहपतीच्या मुलाला तथागत सांगतात की मालकाने नोकराशी कसं वागावं. पाच गोष्टी आहेत. त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावं, जेवण आणि वेतन द्यावं, आजारात त्याची काळजी घ्यावी, काही चांगलंचुंगलं आलं तर वाटून खावं, आणि वेळच्या वेळी सुट्टी द्यावी. बघा, यात फंड आला, दवाखाना आला, बोनस आला, रजा आली. गावाला विहीर बांधून दे असं या पाचांत नाही. ती वेगळी वही.

पुढच्या रविवारी सभा झाली तेव्हा चांगली खडाजंगी झाली. एका तरुणाने आम्हाला विचारलं, “काका, हे पैसे कायद्याने समाजाचे आहेत ना? मग आपण नाही घेतले तर दुसरी वस्ती घेईल. नुकसान कोणाचं?” त्याचा मुद्दा खोटा नव्हता. आम्ही त्याला एवढंच म्हटलं की कायद्याने पैसे द्यायचे हे ठरलं, पण कोणाला द्यायचे ते कंपनी ठरवते. म्हणून आपण घेताना आभार मानतो, आणि आभार मानलेल्या तोंडाने पुन्हा फंड मागता येत नाही. हे त्याला पूर्ण पटलं नाही. महिला मंडळाने मात्र ठाम सांगितलं की आधी विचारा, मग घ्या. मतं पडली, थोडक्यात निभावलं. असं पत्र गेलं : अभ्यासिका आम्हाला हवी आहे, तत्पूर्वी आमच्या वस्तीतल्या एकवीस कंत्राटी कामगारांना पगारपत्रकं आणि फंडाचे नंबर मिळावेत.

कंपनीचा तरुण अधिकारी आला. मुलगा सभ्य होता, चहा घेतला, चप्पल बाहेर काढून आत बसला. म्हणाला, “तो कंत्राटदाराचा विषय आहे. शिवाय आमचा सी.एस.आर. विभाग वेगळा, एच.आर. वेगळा.” आम्हाला आजोबांच्या मालकांची आठवण झाली. आम्ही म्हटलं, “साहेब, विभाग दोन असतील, ताळेबंद एकच आहे ना?” आणि कागद दाखवला. कंत्राटदाराने वेतन दिलं नाही तर मूळ मालकाने द्यायचं, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, पुष्कळ गोष्टी त्यात आमच्या मनासारख्या नाहीत, पण ही जबाबदारी तिथंही राहिली आहे. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून एक अहवाल सक्तीचा केला आहे. कायम कामगार किती, बिगर-कायम किती, किमान वेतन किती जणांना, अपघात किती, तक्रारी किती, हे त्यात लिहावं लागतं. तो कोणालाही वाचता येतो. त्या मुलाने तो अहवाल स्वतः वाचलेला नव्हता. आमच्या समोर मोबाइलवर वाचत बसला आणि गंभीर झाला.

तीन महिने गेले. एकवीसपैकी चौदा जणांना फंडाचे नंबर मिळाले, मागचे दोन वर्षांचे पैसे भरले गेल्याचंही दिसलं. हातमोजे आले, बूट आले. सात जणांचं अजून झालं नाही. त्यात जिने प्रश्न विचारला ती ताईही आहे. तिला मुकादमाने दुसऱ्या पाळीवर टाकलं, रात्री अकराला सुटते. तिने कामही सोडलं नाही आणि प्रश्नही.

आणि अभ्यासिका आली नाही. वर्ष संपत आलं, कंपनीला पैसे खर्चायचे होते, ते दुसरीकडे गेले. खुर्च्या, कूलर, कॉम्प्युटर सगळं गेलं. आमच्यावर पुष्कळ जण नाराज झाले. आमचा धाकटा मुलगा स्पर्धा परीक्षेला बसतो आहे. तो आठ दिवस आमच्याशी बोलला नाही. शेवटी म्हणाला, “तुमची तत्त्वं बरोबर, पण परीक्षा माझी आहे.” त्याला उत्तर देता आलं नाही, आजही येत नाही. रात्री तो जिन्यात बसून वाचतो तेव्हा आम्ही पाळीवरून येताना पाय न वाजवता वर जातो.

महिला मंडळाने घरटी वीस रुपये काढून दोन ट्यूबलाइट आणि सहा बाकं केली आहेत. एका निवृत्त गुरुजींनी आपलं पुस्तकांचं कपाट दिलं. पाण्याला माठ आहे. खोली सकाळी सहा ते रात्री अकरा उघडी असते, किल्ली शेजारच्या दुकानात मिळेल.

उरलेल्या सात जणांचे अर्ज फंडाच्या ऑफिसात द्यायचे आहेत. त्यासाठी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता विहारात बसू. ज्यांच्याकडे पगाराची चिठ्ठी, गेटपास, हजेरीचं कार्ड, बँकेचं पासबुक, जे काही असेल ते घेऊन यावं. काहीच नसेल त्यांनीही यावं, सोबत काम करणारे दोघं साक्षीला आणावेत. दुसऱ्या कंपन्यांत कंत्राटावर असलेल्यांनीही यायला हरकत नाही. ताई दुसऱ्या पाळीवर आहे, ती दुपारी दीडपर्यंत बसेल.

जयभीम.